खिडकीवरचा फलक कोणी लिहायचा?

२०२१ सालचा मे महिना बहुतेकांच्या लक्षात असेल. १ मेपासून १८ ते ४४ वर्षे वयाच्या लोकांसाठी कोविडची लस खुली झाली होती. लस कमी होती आणि नोंदणी 'कोविन' या सरकारी संकेतस्थळावर करावी लागत होती. घरोघरी कोणीतरी मोबाइल हातात धरून पुन्हा पुन्हा पिनकोड टाकत बसलेले असे. एखाद्या केंद्रावर जागा दिसे आणि बटण दाबेपर्यंत ती भरूनही जाई. त्या दिवसांत संगणकाची आवड असलेल्या काही तरुणांनी एक युक्ती केली. 'या पिनकोडला, या तारखेला जागा आहे का?' असे कोविनच्या संगणकाला थोड्या थोड्या वेळाने विचारणारी छोटी आज्ञावली त्यांनी लिहिली. जागा निघाली की ती आज्ञावली संदेश पाठवी.

आता प्रश्न असा, की या आज्ञावलीला कोविनशी कसे बोलायचे हे कसे कळले? त्यासाठी कोणाला दिल्लीला जावे लागले नाही. सरकारने 'एपीआय सेतू' या संकेतस्थळावर एक तपशीलवार पत्रकच जाहीर केले होते. पिनकोड द्या, तारीख द्या. तारीख आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशी आणि मध्ये आडव्या रेघा घालून द्या. उत्तरादाखल केंद्रांची यादी येईल, आणि प्रत्येक केंद्रासमोर किमान वय, लशीचे नाव, शिल्लक जागा असे रकाने असतील. एवढ्या माहितीवर एकमेकांना कधीही न पाहिलेल्या माणसांच्या आज्ञावल्या एकमेकींशी बोलू लागल्या.

हे पत्रक म्हणजे आजच्या लेखाचा विषय. असे पत्रक माणसाने हाताने लिहायचे, की संगणकाकडूनच लिहून घ्यायचे? आणि संगणकाने लिहिले तर त्यावर कितपत विसंबायचे?

खिडकी आणि फलक

बँकेत किंवा रेल्वे आरक्षणाच्या कार्यालयात आपण खिडकीपाशी जातो. आत काय चालते, कोणत्या वहीत नोंद होते, हे आपल्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. खिडकीवर फलक असतो. कोणता अर्ज भरायचा, सोबत काय जोडायचे, काय मिळेल आणि कोणत्या वेळी खिडकी बंद असेल, एवढे कळले की आपले काम होते. संगणकावर सेवा देणाऱ्या आज्ञावलीलाही अशा खिडक्या असतात. त्यांना 'एपीआय' म्हणतात, म्हणजे अॅप्लिकेशन प्रोग्रॅमिंग इंटरफेस. फरक एवढाच, की इथे खिडकीसमोर माणूस नसून दुसरी आज्ञावली उभी असते. माणूस फलक अर्धवट असला तरी चालवून घेतो. 'अहो, तारीख कशी लिहू?' असे विचारतो. आज्ञावलीला विचारता येत नाही. म्हणून तिचा फलक फार काटेकोर लागतो. या फलकाला स्पेसिफिकेशन म्हणतात. परिभाषा कोशातला 'विनिर्देश' हा शब्द जरा जड आहे. आपण 'तपशीलपत्रक' म्हणू.

ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात मे १९४९ मध्ये 'एडसॅक' हा संगणक सुरू झाला. वर्गमूळ काढणे, संख्या छापणे अशी कामे प्रत्येकाला वारंवार लागत. ती दर वेळी नव्याने लिहिण्याऐवजी एकदाच नीट लिहून, कागदी पट्टीवर छिद्रे पाडून, सगळ्यांसाठी जपून ठेवण्याची पद्धत तिथे पडली. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये याविषयी पुस्तक लिहिले. त्यात अशा प्रत्येक उपआज्ञावलीची माहिती दिली आहे. ती किती जागा घेते, तिला किती वेळ लागतो, संख्या कुठे ठेवायची आणि उत्तर कुठे मिळेल, असा तो तपशील आहे. हेच पहिले तपशीलपत्रक म्हणायला हरकत नाही. व्हीलर यांनी १९५२ मधल्या एका छोट्या निबंधात एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली आहे. उपआज्ञावली लिहून, तपासून झाली तरी काम संपत नाही. जिच्या अंतरंगाची काहीच माहिती नाही अशा माणसाला ती वापरता येईल असे तिचे वर्णन लिहायचे उरते, आणि कदाचित तेच सर्वांत अवघड काम असते. या गोष्टीला सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. तक्रार अजून तीच आहे.

टाचण वहीचा प्रश्न

वर्णन एकदा लिहिणे अवघड; ते खरे राखणे त्याहून अवघड. शिक्षक वाचकांना हे सांगायला नकोच. टाचण वहीत एक असते आणि वर्गात प्रत्यक्ष शिकवले जाते ते दुसरेच असते, असा प्रकार आपण पाहिलेला असतो (आपल्या शाळेत नव्हे, अर्थात!). वर्गात गोष्टी रोज थोड्या थोड्या बदलतात; वही मात्र शनिवारी, आठवणीने पुरी केली जाते. आज्ञावलीचेही तसेच होते. मोठ्या सेवेत दर आठवड्याला, कधी रोजसुद्धा, बदल होतात. कोणी एक रकाना वाढवतो, कोणी एक अट सैल करतो. आज्ञावली बदलली नाही तर काम अडते, म्हणून ती बदलली जाते. पत्रक बदलले नाही तर त्या दिवशी काहीच अडत नाही. अडते ते तीन महिन्यांनी, दुसऱ्याच कोणाचे तरी.

म्हणून पत्रक ठरावीक साच्यात, संगणकाला वाचता येईल असे लिहावे हा विचार पुढे आला. असे साचे अनेक झाले. त्यांतला सर्वाधिक रुळलेला साचा 'स्वॅगर' या नावाने २०११ च्या सुमारास 'वर्डनिक' या शब्दकोश चालवणाऱ्या अमेरिकन कंपनीत टोनी टॅम यांच्या कामातून तयार झाला. २०१५ अखेर तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सोपवण्यात आला आणि २०१६ पासून 'ओपन-एपीआय' म्हणून ओळखला जाऊ लागला. साचा ठरला की त्यातून पुष्कळ सोयी होतात. पत्रक दिले की ग्राहकाची आज्ञावली, चाचण्या, वाचायला सोपी पुस्तिका हे सारे बरेचसे आपोआप तयार करता येते. मग पुढचा प्रश्न ओघाने येतोच. पत्रकावरून इतके सारे आपोआप होते, तर आज्ञावलीवरून पत्रकही आपोआप का होऊ नये?

वाक्यपृथक्करण

हे कसे करतात ते एका लहान उदाहरणावरून पाहू. समजा, शाळेच्या ग्रंथालयासाठी एक सेवा आहे. पुस्तक नेण्याची नोंद करणारी तिची खिडकी मराठीत लिहायची झाली तर साधारण अशी दिसेल :

खिडकी 'पुस्तक-नोंद'
घ्या दाखल-क्रमांक : पूर्णांक
घ्या परतीची-तारीख : मजकूर
(टीप : एका विद्यार्थ्याला एका वेळी दोनच पुस्तके)
जर दाखल-क्रमांक यादीत नसेल, तर उत्तर ४०४
जर जवळची पुस्तके ३ किंवा जास्त असतील, तर उत्तर ४०९
नाहीतर नोंद करा, उत्तर २०१ आणि पावती

(४०४ म्हणजे 'सापडले नाही', ४०९ म्हणजे 'नियमात बसत नाही', २०१ म्हणजे 'नवी नोंद झाली'. हे आकडे महाजालावर ठरलेले संकेत आहेत. कंसातली टीप माणसांसाठी असते. आज्ञावली चालवताना संगणक तिच्याकडे बघत नाही.)

आपण मराठीच्या तासाला वाक्यपृथक्करण करतो. उद्देश्य वेगळे, विधेय वेगळे, गौण वाक्य वेगळे. पत्रक लिहिणारे साधन आज्ञावलीचे असेच पृथक्करण करते. आधी 'खिडकी' हा शब्द जिथे जिथे आहे त्या सर्व जागा ते शोधून काढते. मग प्रत्येक खिडकीत 'घ्या' कुठे आहे, काय घेतले आहे, ते पूर्णांक आहे की मजकूर, हे टिपून ठेवते. त्यानंतर वाट फुटते तिथे, म्हणजे प्रत्येक 'जर'पाशी, दोन्ही वाटांनी शेवटपर्यंत जाऊन कोणत्या अटीखाली कोणते उत्तर निघते याची यादी करते. आज्ञावली न चालवता, केवळ वाचून हे सारे होते. खऱ्या सेवेत ही वाट एका पानावर संपत नाही. 'यादीत आहे का ते पाहा' हे काम दुसऱ्या फायलीत असते, ती तिसरीला विचारते, आणि उत्तर पाचव्या फायलीतून निघते. तेवढा माग काढणे हेच कौशल्याचे काम. काही साधने एवढ्या खोलात जात नाहीत. ती फक्त दारावरच्या खुणा आणि प्रकार वाचतात. २०१८ मध्ये आलेली 'फास्ट-एपीआय' ही पायथन भाषेतली प्रणाली तर लेखकाने प्रकार नोंदवत लिहिले की पत्रक बरोबरीने तयारच करून ठेवते. म्हणजे वर्गात शिकवता शिकवताच टाचण उमटत जावे तसे.

याचा एक मोठा फायदा चटकन लक्षात येत नाही. माणूस पत्रक लिहितो तेव्हा त्याला आठवणाऱ्या खिडक्यांचे लिहितो. साधन वाचते ते सगळ्या खिडक्यांचे. कोणीतरी चार वर्षांपूर्वी चाचणीपुरती उघडलेली आणि बंद करायची राहून गेलेली खिडकीही त्याला सापडते. अशी विसरलेली खिडकी चोराला फार सोयीची असते. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी हे साधन वापरायला सांगेन.

कोडात जे लिहिलेलेच नाही

आता वरच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहा. साधनाने पत्रकात लिहिले असेल : 'परतीची तारीख : मजकूर'. ठीक. पण कसा मजकूर? '०५-०६-२०२१' ही आपल्याकडे ५ जून होते, अमेरिकेत ६ मे. आज्ञावलीत पुढे कुठे तारखेचे तुकडे पाडले असतील तर तिथून साधनाला सुगावा लागेल. तो मजकूर तसाच साठवला असेल तर लागणार नाही. हे एक साधे उदाहरण झाले. हवामानाच्या कित्येक नोंदींत, ज्या दिवशी मोजणी झाली नाही तिथे −९९९ असा आकडा भरण्याची रीत आहे. संख्या म्हणून तो अगदी निर्दोष असतो. मी एकदा एका विद्यार्थ्याला अशा नोंदींची सरासरी काढायला दिली आणि जुलै महिन्यात पावसाची सरासरी उणे आली! त्याची बेरीज बरोबर होती. '−९९९ म्हणजे नोंद नाही' हे वाक्य आज्ञावलीत कुठेच नव्हते. ते नोंदी ठेवणाऱ्यांच्या डोक्यात होते.

काही गोष्टी आज्ञावलीत नसतात कारण त्या तिच्या बाहेरच घडतात. कोविनच्याच पत्रकात मे २०२१ च्या सुरुवातीला दोन सूचना आल्या. दिसणारी माहिती ३० मिनिटांपर्यंत जुनी असू शकेल. आणि एका पत्त्यावरून ५ मिनिटांत १०० पेक्षा जास्त वेळा विचारता येणार नाही. अशा मर्यादा बहुधा सेवेच्या मूळ आज्ञावलीत नसतात. तिच्या पुढे उभ्या केलेल्या, पहारेकऱ्यासारख्या दुसऱ्या यंत्रणेत असतात. केवळ मूळ आज्ञावली वाचणाऱ्या साधनाला त्यांचा पत्ताही लागत नाही. आणि जागा शोधणाऱ्या त्या तरुणांच्या दृष्टीने तर याच दोन सूचना सर्वांत महत्त्वाच्या होत्या.

यातून केवढी किंमत मोजावी लागू शकते, याचे एक उदाहरण विज्ञानाच्या शिक्षकांना ठाऊक असेल, पण ते सहसा 'एकके नीट लिहा' एवढ्यासाठीच सांगितले जाते. नासाचे 'मार्स क्लायमेट ऑर्बायटर' हे यान ११ डिसेंबर १९९८ रोजी निघाले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी नाहीसे झाले. वाटेत यानाची छोटी रॉकेटे अधूनमधून थोडा वेळ चालवावी लागत. प्रत्येक वेळी यानाला किती आवेग मिळाला, म्हणजे बल गुणिले काळ किती, याचे आकडे जमिनीवरची एक आज्ञावली एका फायलीत लिही आणि मार्ग ठरवणारी दुसरी आज्ञावली ते आकडे वाची. पहिली लिहीत होती पाउंड-सेकंदांत. दुसरी समजत होती न्यूटन-सेकंद. एक पाउंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. ही चूक नऊ महिने साचत गेली. मूळ योजनेनुसार यान मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचे होते. ते गेले सुमारे ५७ किलोमीटरवरून, दाट वातावरणात.

या दोन आज्ञावल्यांमधल्या देवाणघेवाणीचे तपशीलपत्रक होते, आणि त्यात मेट्रिक एकके वापरावीत असे स्पष्ट लिहिलेही होते. पत्रक बरोबर होते, आज्ञावली चुकीची होती. आता समजा, त्या वेळी कोणी हौसेने म्हणाले असते, की जुने पत्रक कशाला, आज्ञावलीवरूनच नवे काढू. त्यात एकक आलेच नसते. 'आवेग : दशांश संख्या' एवढेच आले असते. किंवा साधन फार हुशार असते तर 'पाउंड-सेकंद' असे आले असते, आणि चूक हाच नियम ठरला असता. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवरून आदर्श उत्तरे तयार केली, तर त्याला पैकीच्या पैकी गुण मिळणारच.

माझ्या मते या सगळ्या विषयाची मेख इथे आहे. आज्ञावलीवरून काढलेले पत्रक आज्ञावली काय करते ते सांगते. तिने काय करायला हवे होते ते सांगत नाही. ती माहिती दुसरीकडे असते : जुन्या पुस्तिकेत, टिपांमध्ये, माणसांच्या बोलण्यात.

गणिताची आडकाठी

'आज्ञावली काय करते' हे तरी पूर्ण कळते का? इथे गणित आडवे येते. अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवले, की दिलेली कोणतीही आज्ञावली कधी थांबेल की नाही हे बिनचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही. हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये तेच आणखी व्यापक केले. आज्ञावलीच्या वागण्याविषयीच्या कोणत्याही प्रश्नाचे, तो अगदीच क्षुल्लक नसेल तर, सर्व आज्ञावल्यांना लागू पडणारे यांत्रिक उत्तर नाही.

हे वर्गात सांगायला एक सोपे उदाहरण आहे. एक खिडकी अशी कल्पा, की तिला दोनपेक्षा मोठी सम संख्या दिली की ती ज्यांची बेरीज तेवढी होते अशा दोन मूळ संख्या शोधून देते. सापडल्या नाहीत तर ४०४ देते. २८ दिले तर ५ आणि २३. या खिडकीच्या पत्रकात ४०४ लिहायचे की नाही? प्रत्येक सम संख्येला अशी जोडी असते हा गोल्डबाख यांचा १७४२ मधला तर्क आहे, आणि तो अजून सिद्ध झालेला नाही. संगणकाने ४ वर १८ शून्ये एवढ्या संख्येपर्यंत तपासून झाले आहे, अपवाद सापडलेला नाही. आज्ञावली वाचणारे साधन ४०४ लिहून मोकळे होईल, कारण ती वाट आज्ञावलीत आहे. पण ते उत्तर कदाचित कधीच येणार नाही. याउलट दुसऱ्या प्रकारचे साधन असते. ते आज्ञावली वाचत नाही, खिडकीपाशी उभे राहून रोजची ये-जा पाहते आणि त्यावरून पत्रक लिहिते. ते ४०४ कधीच लिहिणार नाही, कारण ते त्याने पाहिलेलेच नसेल. एक साधन गरजेपेक्षा जास्त सांगते, दुसरे कमी. खरे त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. व्यवहारात दोन्ही वापरतात, आणि पहिल्याने सांगितलेले पण दुसऱ्याला कधीच न दिसलेले जे असेल, ते माणसापुढे ठेवतात.

दोन साक्षीदार

आता आपल्या ग्रंथालयाच्या खिडकीत मी मुद्दाम ठेवलेली एक गोष्ट वाचकांनी पाहिली असेलच. टीप म्हणते 'दोनच पुस्तके'. आज्ञावली मात्र जवळची पुस्तके तीन झाल्यावर अडवते, म्हणजे दोन जवळ असताना तिसरे देते. कोण बरोबर? लिहिणाऱ्याने आकडा चुकवला असेल. किंवा मुख्याध्यापकांनी मध्यंतरी तीन पुस्तकांची परवानगी दिली असेल आणि टीप बदलायची राहिली असेल. आज्ञावली आणि टीप कितीही वेळा वाचली तरी हे कळणार नाही. ग्रंथपालांना विचारावे लागेल.

अशा विसंगती यंत्राने शोधण्याचा एक चांगला प्रयत्न अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. लिनक्स, मोझिला, वाइन आणि अपाची या चार मोठ्या, खुल्या आज्ञावल्यांमधल्या टिपा त्यांनी भाषाविश्लेषणाने वाचून काढल्या. 'हे काम कुलूप लावलेले असतानाच करावे' अशा अर्थाची वाक्ये निवडून त्यांचे नियम केले आणि आज्ञावली ते पाळते का, हे तपासले. ६० ठिकाणी मेळ बसला नाही. त्यांपैकी ३३ ठिकाणी आज्ञावली चुकीची होती आणि २७ ठिकाणी टीप. जवळजवळ निम्मे-निम्मे! 'शेवटी कोड तेवढा खरा' असे आमच्याकडे मोठ्या खात्रीने म्हणतात. ते म्हणणारांना मी हे आकडे सांगतो. चुकीची टीपही निरुपद्रवी नसते. तिच्यावर विश्वास ठेवून पुढचा माणूस नवी चूक करतो.

गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२२ नंतर, मोठी भाषा-प्रारूपे या कामाला जुंपली गेली आहेत. ती आज्ञावली, टिपा आणि पुस्तिका हे सारे एकत्र वाचतात आणि सुबक पत्रक लिहून देतात. रकान्याच्या नावावरून अर्थ ओळखणे, विस्कळीत पुस्तिकेतून नेमके वाक्य उचलणे या गोष्टी पूर्वीच्या साधनांना जमत नसत; यांना जमतात. परंतु त्यांची एक खोड आहे. माहिती नसेल तिथे ती जागा मोकळी सोडत नाहीत, सर्वत्र जे आढळते ते भरून टाकतात. पुस्तिकेत नुसते 'दिनांक' लिहिले असेल तर प्रारूप 'वर्ष-महिना-दिवस' असा नमुना लिहील, कारण बहुतेक सेवांमध्ये तसेच असते आणि ओपन-एपीआयच्या साच्यातल्या 'तारीख' या प्रकाराचा अर्थही तोच आहे. कोविनच्या खिडकीला ते चुकीचे ठरले असते. आणि चुकीचे वाक्य बरोबर वाक्याइतक्याच ठाम सुरात लिहिलेले असते, त्यामुळे डोळ्यांना फरक दिसत नाही.

त्यावर उपाय म्हणजे पत्रक तयार झाले की त्याच्यावरूनच प्रश्न तयार करून खऱ्या खिडकीत टाकून पाहणे. पत्रक म्हणते ४०४ येईल. खरोखर येतो का? २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेले 'रेस्टलर' हे साधन पत्रक वाचून असे प्रश्न स्वतःच रचते आणि एका उत्तरातली माहिती पुढच्या प्रश्नात वापरते. मात्र हा उपाय सरसकट चालत नाही. 'माहिती दाखवा' ही खिडकी हजार वेळा वाजवली तरी काही बिघडत नाही. 'नोंदणी रद्द करा' ही खिडकी चाचणीसाठी एकदा वाजवली तरी कोणाची तरी नोंदणी जाते. त्यासाठी खोटी माहिती भरलेली वेगळी प्रत लागते. ती ठेवायला खर्च येतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती नसते.

मला विचाराल तर दोन पत्रके ठेवावीत. एक आज्ञावलीवरून यंत्राने काढलेले, दुसरे माणसाने मनातला हेतू लिहून ठेवलेले. आणि दर बदलानंतर दोहोंची तुलना यंत्राने करावी. ते जुळले नाहीत तर कोणते बदलायचे हे मात्र यंत्राला ठरवू देऊ नये. हे कंटाळवाणे काम आहे, हे मला माहीत आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

संगणक नसतानाही आठवी-नववीच्या वर्गात याचा खेळ घेता येतो. एका विद्यार्थ्याला 'खिडकी' करा आणि त्याच्या हातात नियमाची चिठ्ठी द्या. उदाहरणार्थ, 'संख्या १०० पर्यंत असेल तर तिच्या अंकांची बेरीज सांग. १०० पेक्षा मोठी असेल तर "घेत नाही" असे सांग.' वर्गाचे तीन गट करा. पहिल्या गटाने चिठ्ठ्या पाठवून, आलेल्या उत्तरांवरून पत्रक लिहायचे. त्यांना दहाच चिठ्ठ्या द्या. दुसऱ्या गटाला नियमाची चिठ्ठी वाचू द्या, पण खिडकीशी बोलू देऊ नका. तिसऱ्या गटाला नियम एकदाच तोंडी सांगा आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने लिहायला लावा. मग तिन्ही पत्रके फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.

पहिल्या गटाने १०० पेक्षा मोठी संख्या पाठवलीच नाही, असे पुष्कळदा होईल. तिसऱ्या गटात १०० 'घेतो' की 'घेत नाही' यावर वाद होईल. आणि कोणीतरी खोडकर मुलगी चिठ्ठीवर १२.५ लिहून पाठवील. नियमात त्याबद्दल काहीच नाही. खिडकीतला मुलगा क्षणभर गोंधळेल आणि काहीतरी उत्तर देईल. ते उत्तर पत्रकात लिहायचे का, हे वर्गालाच ठरवू द्या.